24 व्होल्टचा जुना ट्रक: एक बॅटरी बसते, दुसरीतलं पाणी आटतं, तर दोष कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुना सहाचाकी ट्रक, 24 व्होल्टचा. हंगामात ऊस, एरवी मार्केटचा माल. बॅटऱ्यांची नवी जोडी वर्षाच्या आत खराब व्हायला आली आहे. एकीतलं पाणी सारखं आटतं आणि दुसरी सकाळी बसलेली असते. अल्टरनेटर दोनदा दुरुस्त झाला, कटआउट (चार्जिंगचे व्होल्ट काबूत ठेवणारा रेग्युलेटर) बदलला, तरी चार्जिंगचा दिवा मंद पेटलेला राहतो आणि हेडलाईट लावले की जरा जास्तच उजळतो. आता अल्टरनेटर नवाच घ्यावा का?

अजिबात घेऊ नका. तुम्ही दिलेली लक्षणं वाचून मला अल्टरनेटरवर सगळ्यात कमी संशय येतो. तुमच्या गाडीत दोन वेगवेगळे दोष आहेत असं दिसतं, आणि ते एकच समजून दुरुस्ती होत गेल्यामुळे पैसे गेले. एका बॅटरीतलं पाणी आटणं आणि दुसरी बसणं हा एक दोष. दिवा मंद पेटणं हा दुसरा. दोन्ही शोधायला एक बरा डिजिटल मीटर (मल्टीमीटर) पुरतो.

पहिल्या दोषापासून सुरू करतो, कारण जोडी त्यानेच मारली. केबिनमध्ये टेप, पंखा, मोबाईलचा चार्जर किंवा जीपीएस यापैकी काही 12 व्होल्टवर चालतं का, ते बघा. चालत असेल तर त्याची वायर कुठून घेतली आहे ते हाताने चाचपत बॅटरीच्या पेटीपर्यंत जा. दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या मधल्या पट्टीवर किंवा तिथल्या नटाखाली एखादी बारीक लाल वायर अडकवलेली सापडण्याची शक्यता फार मोठी आहे. जुन्या ट्रकांत हे इतकं सर्रास केलेलं असतं की लोकांना तो दोष वाटतच नाही. टेप वाजतो, काम झालं.

पण आतमध्ये काय होतं ते समजून घ्या. दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत, म्हणजे अल्टरनेटरचा करंट आधी लाईनच्या बॅटरीतून जातो आणि मग अर्थच्या बॅटरीतून चेसिसला मिळतो. दोघींना सारखाच करंट मिळाला पाहिजे. मधून वायर घेतली की टेपचा करंट लाईनच्या बॅटरीतून होऊन येतो आणि अर्थच्या बॅटरीला तेवढा कमी पडतो. समजा इंजिन चालू आहे, बॅटऱ्यांकडे 3 अँपिअर येतोय आणि टेप व पंखा मिळून 4 अँपिअर खातायत. लाईनची बॅटरी 3 अँपिअरने चार्ज होतेय आणि त्याच वेळी, गाडी चालू असताना, अर्थची बॅटरी 1 अँपिअरने उतरतेय. ड्रायव्हरला काहीच कळत नाही. गाडी दिवसभर पळाली म्हणजे बॅटरी भरली असं तो समजतो.

कटआउटला तर हे दिसतच नाही. त्याला दोन्हींची बेरीज कळते. बेरीज 28.2 व्होल्ट आली की तो समाधानी. पण त्या 28.2 मध्ये अर्थच्या बॅटरीवर 13.2 आणि लाईनच्या बॅटरीवर 15.0 असतील, तर पहिली कायम उपाशी आणि दुसरीतलं पाणी उकळून चाललंय. अल्टरनेटर कितीही चांगला बसवा, हेच होणार. ऊसवाल्या गाड्यांत तर हे जास्तच होतं. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत गाडी उभी, इंजिन बंद, रात्रभर टेप आणि पंखा चालू. 4 अँपिअर गुणिले 10 तास म्हणजे 40 अँपिअर-तास एकट्या अर्थच्या बॅटरीतून गेले. 120 अँपिअर-तासाच्या बॅटरीचा हा तिसरा हिस्सा झाला आणि शेजारची बॅटरी पूर्ण भरलेली.

मोजायचं कसं? गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी सेल्फ (स्टार्टर) मारण्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. पूर्ण भरलेली, आराम केलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, 12.0 म्हणजे जेमतेम पाव. मग गाडी चालू करून अर्धा तास फिरवा, इंजिन जरा रेसवर ठेवून पुन्हा दोन्ही वेगवेगळ्या मोजा. दोघींत पाव व्होल्टपर्यंत फरक चालतो. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर जोडी फुटलीच समजा. बहुतेक जण मीटर दोन टोकांना लावून 28 दिसलं की चार्जिंग ओके म्हणून बोनेट बंद करतात. 24 व्होल्टच्या गाडीत ती मोजणी अर्धीच झालेली असते.

उपाय म्हणजे ती मधली वायर काढायची आणि 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावायचा. कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांवरून सारखं घेतो. तुमचा टेप-पंख्याचा लोड मोजा आणि त्याच्या दीडपट ताकदीचा घ्या. काही वायरमन दर दोन महिन्यांनी बॅटऱ्यांची जागा बदलायला सांगतात. मला ते पटत नाही, कारण त्याने नुकसान थांबत नाही, फक्त दोघींना वाटून दिलं जातं.

आता मंद दिवा. जुन्या अल्टरनेटरला बहुतेक वेळा तीन जागी वायर असते. मोठा बी-प्लस, जो बॅटरीकडे जातो. बारीक डी-प्लस, काही बनावटीत त्यावर इंडिकेटर असं लिहिलेलं असतं. आणि अर्थ. चार्जिंगचा दिवा चावीचा स्विच आणि डी-प्लस यांच्या मधे बसलेला असतो. चावी फिरवली की करंट दिव्यातून रोटरला (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या गुंडाळीला) जातो, रोटर चुंबक होतो, दिवा पेटतो. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर डी-प्लसवर स्वतःचे 28 व्होल्ट तयार करतो. दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखे व्होल्ट आले की तो विझतो. म्हणजे दिवा दोन बाजूंमधला फरक दाखवतो, एवढंच. मंद पेटला तर फरक आहे, पण तो कोणत्या बाजूने आहे हे दिवा सांगत नाही.

ते मीटर सांगतो. इंजिन चालू, हेडलाईट लावलेले. मीटरची काळी पिन बॅटरीच्या अर्थला ठेवून लाल पिनने आधी अल्टरनेटरचा बी-प्लस मोजा, मग डी-प्लस. दोन्ही सारखे, म्हणजे 28 च्या आसपास असतील तर अल्टरनेटर ठीक आहे. मग चावीच्या स्विचमधून दिव्याकडे येणारी वायर मोजा. तिथे 26 किंवा 26.5 सापडले तर दीड-दोन व्होल्ट स्विच, फ्यूजबॉक्स किंवा मधल्या जॉइंटमध्ये हरवतायत. हेडलाईट लावल्यावर दिवा उजळतो असं तुम्ही लिहिलं आहे. लोड वाढला की हरवणारे व्होल्ट वाढतात, त्यामुळे माझा कौल याच बाजूला आहे. उलट डी-प्लस बी-प्लसपेक्षा एक-दोन व्होल्ट खाली असेल तर आतले तीन छोटे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) गेले आहेत आणि तेव्हा अल्टरनेटर खाली उतरवायला खरं कारण आहे.

दिव्याच्या बाबतीत अजून तीन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. चावी बंद असताना दिवा पेटलेला असेल तर पॉझिटिव्ह बाजूचा डायोड शॉर्ट असण्याची शक्यता धरा. अशी गाडी रात्रभर बॅटरी जोडून ठेवू नका. चावी फिरवल्यावर दिवा पेटतच नसेल तर आधी बल्ब बघा. बल्ब उडाला तर रोटरला पहिला करंट मिळत नाही आणि अल्टरनेटर झोपलेला राहतो, किंवा जोरात रेस केल्यावरच जागा होतो. आणि डॅशबोर्डवरचे बल्ब बदलताना चार्जिंगच्या जागी एलईडी टाकू नका. एलईडीतून इतका थोडा करंट जातो की रोटर उठत नाही. तिथे साधा 24 व्होल्टचा तारेचा छोटा बल्बच पाहिजे. रोटरला करंट पोचतो का हे बघायची सोपी रीत आहे: इंजिन बंद, चावी चालू, आणि पान्याचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्यायचं. ते ओढलं गेलं तर रोटर, कार्बन (रोटरला टेकणारे ब्रश) आणि दिव्याची लाईन तिन्ही जोडलेली आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लिहायला बसलो ती सांगतो. जुन्या ट्रकात दोष डब्यात कमी आणि रस्त्यात जास्त असतो. डबा म्हणजे अल्टरनेटर, सेल्फ, बॅटरी, कटआउट. रस्ता म्हणजे केबल, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं टर्मिनल), नट, फ्यूजची क्लिप, स्विच, अर्थची पट्टी. डबा बदलता येतो, त्याचं बिल होतं, गिऱ्हाइकाला काहीतरी नवं बसवलेलं दिसतं. रस्ता तपासायला वेळ लागतो आणि त्याचे पैसे द्यायला लोक कुरकुर करतात. म्हणून डबे बदलले जातात आणि गाडी पुन्हा महिन्याने तशीच परत येते.

रस्ता तपासायची एकच खात्रीची रीत आहे, लोड चालू ठेवून व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट हरवतात ते, मोजणं. टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे लाईन चांगली असं नसतं. जाड केबलमधली एकच तार शिल्लक असली तरी टेस्ट लॅम्प छान पेटतो आणि मीटर पूर्ण 24 दाखवतो, कारण त्यांना करंट नावापुरताच लागतो. खरं माप काढण्यासाठी इंजिन रेसवर ठेवा, हेडलाईट, वायपर, सगळं चालू करा. मीटर डीसी व्होल्टवर, एक पिन अल्टरनेटरच्या बी-प्लस नटावर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावर, टर्मिनलच्या पितळेवर नाही. 24 व्होल्टच्या गाडीत इथे अर्ध्या व्होल्टच्या खाली यायला पाहिजे. मग अर्थची बाजू: एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी अर्थच्या बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. इथे 0.2 च्या वर गेलं तर अर्थ खराब.

समजा पॉझिटिव्हला दीड व्होल्ट सापडला. 30 अँपिअर वाहताना दीड व्होल्ट म्हणजे वाटेत 0.05 ओहमचा अडथळा. साधा मीटर ओहमवर लावून हा आकडा कधीच भरवशाने दिसणार नाही. पण त्या एका जागी 45 वॅटची उष्णता तयार होतेय. हात लावा, लग चटका देतो. आणि अल्टरनेटर स्वतःच्या तोंडाशी 28.2 बघून गप्प बसतो तेव्हा बॅटरीला 26.7 मिळतात, ज्यात ती कधीच पूर्ण भरत नाही. असा लग कापून बघा. वरून तो चकचकीत असतो, कधी कधी नवी टेपही गुंडाळलेली असते. रबर दोन बोटं मागे सोलला की तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, कुठे हिरवी भुकटी, नखाने खरवडली तर तार तुटून हातात येते. अॅसिडची वाफ आणि पावसाचं पाणी केबलच्या आतून चढत जातं. काळी पडलेली तार पॉलिश पेपरने घासून पुन्हा दाबू नका. चांगलं, लालसर तांबं लागेपर्यंत केबल कापा. लांबी कमी पडली तर पूर्ण केबल नवी टाका.

अर्थला लोक फार हलक्यात घेतात. ट्रकात इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, त्यामुळे इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये स्वतंत्र जाड पट्टी लागते. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम होताना ती सोडली जाते आणि परत लावायची राहते, किंवा रंगावरच आवळली जाते. मग सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो. अॅक्सिलरेटरची किंवा स्टॉपची केबल सेल्फ मारताना गरम होत असेल, तर इंजिनचा अर्थ गेलाय याचा तो पक्का पुरावा. केबिनचंही तसंच आहे. आपल्याकडचे बरेच जुने ट्रक नुसत्या चेसिसवर काऊलसह विकले गेले आणि केबिन बॉडीवाल्याने लाकूड-पत्र्यात बांधली. त्या केबिनचे, मागच्या आणि बाजूच्या लाईटचे अर्थ बॉडीवाल्याने जिथे स्क्रू मिळाला तिथे दिलेले असतात. एका बाजूचा इंडिकेटर लावला की टेललाईट लुकलुकते, ब्रेक दाबला की दुसराच दिवा पेटतो, हे सगळे अर्थचे खेळ आहेत. सगळे अर्थ एका जाड वायरवर घेऊन चेसिसच्या घासून स्वच्छ केलेल्या जागी, दातेरी वॉशर टाकून आवळा आणि वर ग्रीस लावा.

सेल्फ उचलत नसेल तर हीच मोजणी सेल्फ मारताना करा. बॅटरी पॉझिटिव्ह ते सेल्फचा मोठा नट अर्धा ते एक व्होल्ट चालेल, बॅटरी निगेटिव्ह ते सेल्फची बॉडी अर्धा. सेल्फ शेकडो अँपिअर खातो. 300 अँपिअरला 0.01 ओहमसुद्धा 3 व्होल्ट गिळतो. दोन्हीकडे ड्रॉप कमी, बॅटऱ्या भरलेल्या आणि तरी सेल्फ जड फिरतो, तेव्हा सेल्फ खोला. त्याआधी नको.

डायोड तपासायला अल्टरनेटर खोलायची गरज नसते. इंजिन चालू ठेवून, लाईट लावून मीटर एसी व्होल्टवर घ्या आणि बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोडवर संशय घ्या. पण आधी मीटर तपासा. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसीचा आकडा दाखवतात. इंजिन बंद असताना बॅटरीवर एसी शून्य आलं तरच त्या मीटरवर ही परीक्षा करायची.

एक सवय मात्र कृपा करून मोडा. चालू इंजिनला बॅटरीचं टर्मिनल काढून गाडी बंद पडते का बघायची. जुन्या डायनामोच्या काळापासून ही पद्धत चालत आली आहे. अल्टरनेटरमध्ये बॅटरी अचानक सुटली की व्होल्ट क्षणात कितीतरी वर उडतात आणि कटआउट, डायोड, बल्ब त्यात जातात. शिवाय जुनं डिझेल इंजिन, ज्याचा पंप पूर्ण मेकॅनिकल आहे, ते एकदा सुरू झालं की विजेशिवाय चालतं. टर्मिनल काढूनही ते चालूच राहील आणि त्यातून चार्जिंगबद्दल काहीही सिद्ध होणार नाही. याच कारणाने चार्जिंग बंद पडलेली गाडी दिवसभर बिनतक्रार पळते आणि अंधार पडल्यावर घाटात हेडलाईट पिवळे पडतात. चेसिसवर वेल्डिंग करतानाही बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी आधी सोडा.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण 10 ते 15 मिलिमीटर जावा. कडा चकचकीत झाल्या असतील किंवा पट्टा पुलीच्या तळाला टेकत असेल तर ताण कितीही द्या, तो घसरणारच. बदला.

ज्यांच्याकडे टाटा 407 सारख्या 12 व्होल्टच्या छोट्या गाड्या आहेत त्यांनी आकडे निम्मे धरावेत: चार्जिंग 13.8 ते 14.4, पॉझिटिव्हचा ड्रॉप पाव व्होल्टच्या आत. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल जातं. सील गेलं की ऑइल आत उतरतं, कार्बन चिकट होतात, चार्जिंग कधी असतं कधी नसतं. अशा अल्टरनेटरला नुसते कार्बन टाकून उपयोग नाही, सील आधी. आणि तो काढला असताना गाडी हलवू नका, ब्रेकची मदत गेलेली असते.

चार्जिंग ठीक आणि तरी बॅटरी उतरत असेल तर उभ्या गाडीचा ड्रेन बघा. सगळं बंद करा, निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि मधे मीटर अँपिअरवर लावा. मीटर लावलेला असताना चावी किंवा सेल्फला हात लावू नका, मीटर जळेल. जुन्या ट्रकात इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नसतंच, त्यामुळे 50 मिलीअँपिअरच्या खाली यायला पाहिजे. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला 12 अँपिअर-तास चाललेत. मग एकेक फ्यूज काढत जा, आकडा ज्याने पडेल ती लाईन. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरचा बी-प्लस सोडून बघा, किंवा फ्यूजच्या आधीच घेतलेली एखादी हॉर्नची, जीपीएसची वायर शोधा.

शेवटी तुमची सध्याची जोडी. लगेच भंगारात देऊ नका. लाईनच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी प्लेट बुडतील इतपत टाका, दोन्ही गाडीतून काढा आणि प्रत्येकीला वेगळ्या 12 व्होल्टच्या चार्जरवर 10-12 अँपिअरने पूर्ण भरू द्या. काढताना अर्थ आधी, लावताना अर्थ शेवटी. हातातलं कडं, अंगठी उतरवून ठेवा आणि जवळ बिडी-सिगारेट नको, चार्जिंगमध्ये निघणारा वायू पेट घेतो. मग एक दिवस तशाच ठेवून हायड्रोमीटरने सगळ्या बारा घरांची ग्रॅव्हिटी (अॅसिडची घनता) घ्या. एकाच बॅटरीतल्या दोन घरांत 50 पॉइंटचा फरक असेल, म्हणजे एक 1.250 आणि दुसरं 1.200 किंवा त्याखाली, तर ती बॅटरी गेली. दोन्ही यात पास झाल्या तर पुन्हा जोडा, कन्व्हर्टर लावून महिनाभराने परत वेगवेगळ्या मोजा. एकच गेली असेल तरी घेताना दोन्ही घ्या, एकाच कंपनीच्या आणि एकाच क्षमतेच्या. वाचलेली जुनी एखाद्या 12 व्होल्टच्या गाडीला किंवा घरच्या इन्व्हर्टरला काही दिवस चालेल. नव्या बॅटरीशेजारी सिरीजमध्ये मात्र तिला बसवू नका.